वाढत्या अंगाचं

तीर्थपुरीत आमच्या गल्लीत एखाद्याच्या अंगावरचे कपडे त्याला बरोबर बसलेले दिसले, तर तो माणूस बाहेरगावचा आहे असं खुशाल समजावं. एक तर तो साखर कारखान्यावर बदलून आलेला असतो, नाही तर कुणाचा तरी नवा जावई असतो. आणि जावई असला तर येत्या अधिक महिन्यात त्याचाही बंदोबस्त होतो. बाकी गल्लीच्या बाह्या मनगट ओलांडून बोटांपर्यंत येतात, पोरांच्या हाफ चड्ड्या गुडघा झाकून पोटरीची चौकशी करतात आणि पोरींच्या फ्रॉकमध्ये पोरगी नेमकी कुठं आहे हे हाक मारून विचारावं लागतं. कारण गल्लीचे कपडे काकू शिवतात. आणि काकू आज समोर उभ्या असलेल्या माणसाला कपडे शिवत नाहीत. दोन-तीन वर्षांनी तो जो होणार आहे, त्याला शिवतात.

काकूंचं वय पासष्टीच्या आसपास. अंगानं किडकिडीत, पण त्यांच्या ब्लाउजमध्ये आणखी एक काकू आरामात मावतील, कारण नियम तो नियम. गळ्यात मंगळसूत्र आणि त्यावर इंची टेप. टेपचे सुरुवातीचे आकडे वापरून वापरून पुसले गेलेत, त्यामुळे माप घेताना थोडा अंदाज करावा लागतो. हा अंदाज कमीच्या बाजूला गेलेला अजून कुणी पाहिलेला नाही. ब्लाउजच्या खांद्यावर दोन टाचण्या आणि दोरा ओवलेली एक सुई कायम टोचलेली. नातवंडं आजीच्या कुशीत शिरायचं झालं तर आधी चाचपून बघतात, मग शिरतात. पान लागत नाही, तपकीर लागत नाही. व्यसन म्हणावं तर एकच. कुणाच्याही अंगावरच्या कपड्याची शिवण दोन बोटांत धरून उलटी करायची आणि आत किती कापड सोडलंय ते बघायचं. हे त्या लग्नात करतात, एसटीत करतात. एकदा गावात प्रचाराला आलेल्या एका पुढाऱ्यानं वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद देता देता काकूंनी त्याच्या जाकिटाची कड उलटी केली आणि म्हणाल्या, "आत काहीच न्हाई की रं." कार्यकर्त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

काकूंकडं माप द्यायला जाणं हा एक वेगळाच प्रसंग आहे. त्या तोंडाकडं बघत नाहीत. खांद्यापासून खाली बघत जातात आणि घोट्यापाशी पोचल्यावर एक सुस्कारा सोडतात. पुरुष माणसं हटकून श्वास वर ओढून पोट आत घेतात. काकू टेप कमरेभोवती धरून शांतपणे थांबतात. माणूस किती वेळ श्वास धरणार? "सोड," काकू म्हणतात, "मला फसवशील. शर्टाला कसा फसवशील?" पोट सुटतं, मग टेप आवळला जातो. तेवढ्यावर काम संपत नाही. आकडा घेतल्यावर चौकशी सुरू होते. बापाचं पोट कितव्या वर्षी सुटलं? आजा उंच होता का? मामाकडची माणसं आडव्या हाडाची ना? बायको माहेरी गेली की जेवतोस का नाही? आईकडून आणि बापाकडून सगळा इतिहास गोळा झाला की मग काकू वही उघडतात.

ही वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारीसाठी ठेवतात तसली लांबोळकी चोपडी. प्रत्येक पानावर काकूंनी स्वतः रकाने आखलेत: नाव, छाती, कंबर, उंची, बाही, मुंढा. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, ज्याच्या डोक्यावर फक्त एकच शब्द लिहिलाय: वाढंल. लेकरू असेल तर तिथं चार, पाच, कधी सहाही इंच. कॉलेजचं पोरगं असेल तर तीन. नवी सून असेल तर काही न विचारता चार. सत्तरीच्या म्हाताऱ्यांनाही काकू तिथं कोरी जागा ठेवत नाहीत. अर्धा इंच का होईना, लिहितातच. "उद्या लेकीकडं ऱ्हायला गेले अन् चार दिवस नीट जेवले तर?"

वही चाळायला मिळाली तर कळतं की गावाचा खरा दप्तरखाना ही वही आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, टँकरमागं घागरी पळाल्या. त्या सालच्या पानांवर शेवटच्या रकान्यात वाढीचे आकडे नाहीत. तिथं लिहिलंय: "आत घेतलं 1", "आत घेतलं दीड". नवं शिवायला कुणी आलंच नव्हतं. मग येतं 2022. त्या साली कापसाचा भाव क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेला होता. वहीत त्या उन्हाळ्यातली पानंच्या पानं भरलेली, आणि गल्लीतल्या समस्त पुरुषवर्गाच्या कमरा एकदिलानं पुढं सरकलेल्या. त्यातही कापूस घरात दाबून ठेवून आणखी भावाची वाट बघणारे कोण आणि आधीच विकून मोकळे झालेले कोण, हे काकू कमरेवरून सांगतात. भाव पुढं पडले. काकू कुणाला काही बोलल्या नाहीत. ज्याचं वाढवलं होतं त्याचं आत घेऊन दिलं, आणि आतलं कापड कापलं नाही. "पुन्हा लागंल," एवढंच म्हणाल्या.

आतलं कापड कापायचं नाही, हा काकूंचा धर्म. तो त्यांना कुणी शिकवला हे विचारलं तर त्या 1972 चं नाव घेतात. तो दुष्काळ पडला तेव्हा त्या दहा-बारा वर्षांच्या होत्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, घरात मिलोची लाल भाकरी असायची आणि शाळेत सुकडी मिळायची. लुगडं मधे विरलं की आई ते उभं फाडायची, विरलेली बाजू काठाकडं न्यायची, धडकी बाजू मधे घ्यायची आणि पुन्हा जोडायची. वडलांच्या सदऱ्याची कॉलर झिजली की उसवून उलटी लावायची. नवी कोरी दिसायची. आणि काकूंचा एक परकर होता. शिवतानाच आईनं त्याच्या घेराला खालून चार आडव्या दुमडी घातल्या होत्या. दरवर्षी एक दुमड उसवायची, परकर चार बोटं लांब व्हायचा. "तीन सालं घरात कापड आलं न्हाई," काकू सांगतात, "पण माझा परकर दर साली नवा." सांगताना डोळे वगैरे ओले होत नाहीत. उलट समोरच्याच्या परकराला, म्हणजे आता पंजाबी ड्रेसला, दुमड किती आहे तिकडं हात गेलेला असतो.

काकूंचा खरा हंगाम जून. पाऊस पडो न पडो, शाळा भरतेच. गल्लीतली पोरं ओसरीवर ओळीनं उभी राहतात आणि काकू मागच्या वर्षीचे गणवेश उलटे करून उसवायला घेतात. दाढीचं पातं टाक्यात घालून सर्रकन ओढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. चड्डीची दुमड सुटते, खाली दडलेलं न विटलेलं गडद कापड बाहेर येतं, आणि जुन्या दुमडीची रेघ तशीच राहते. चार वर्षं टिकलेल्या चड्डीवर अशा रेघा उसाच्या पेरांसारख्या दिसतात. मोजून पोरगं कितवीत आहे ते सांगता येतं. नापास होणाऱ्यांची यात फार पंचाईत व्हायची. आता बहुतेक वर्गांत ढकलून पुढं घालतात, पण चड्डी खरं तेच बोलते.

2024 साली राज्य सरकारनं 'एक राज्य, एक गणवेश' आणलं. कापड वरून एकाच ठिकाणाहून यायचं आणि बचतगटांच्या बायकांनी शिवायचं. काकूंना आनंद झाला. राज्यानं शेवटी शिवणाऱ्या बायांची दखल घेतली म्हणून नव्हे, तर एवढ्या कापडात किती मार्जिन सोडता येईल या विचारानं. पण कापड आलं ते मापानं कापलेल्या तुकड्यांमध्ये. कापलेलं! काकूंनी बचतगटाच्या बैठकीत एक तुकडा उचलला, कड बघितली, आणि जेवण करून येते म्हणून ज्या उठल्या त्या आल्याच नाहीत. "पोरगं न बघताच कापलंय," त्या काकांना सांगत होत्या, "वाढणारं पोरगं कुणी न बघता कापतं का?" पुढं राज्यभर ओरड झाली की गणवेश उशिरा आले, आले ते मापात बसेनात, आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं सोपवलं. काकांनी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. काकू मशीनवर होत्या. पाय न थांबवता म्हणाल्या, "आत कापड सोडलं नव्हतं, त्याचं काय होणार दुसरं?" सरकारचा निर्णयही आतून सैल पाहिजे, हे त्यांचं मत त्या दिवसापासून पक्कं आहे.

मशीन उषाचं. काळं अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लोखंडी स्टँड आणि पॅडल. हे मशीन कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगचं, आणि स्वातंत्र्याच्याही आधीपासून ही कंपनी मशीनं करते, हे काकांचं ज्ञान. काका निवृत्त शिक्षक. त्यांना एखादी गोष्ट नुसती वापरलेली चालत नाही, तिचा इतिहासही सांगावा लागतो. त्यांनी एकदा काकूंना सांगितलं की 1924 साली गांधीजींना कुणीतरी विचारलं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का? तेव्हा ते म्हणाले, नाही, सिंगरच्या शिवणयंत्राला माझी सूट आहे. आजवर निघालेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंतली ती एक आहे. ज्या माणसानं ते काढलं त्यानं बायकोचे हातानं टाके घालण्याचे कष्ट बघून काढलं, असंही गांधीजी म्हणाले. काकांना वाटलं, काकू भारावतील. काकूंनी दोरा दातानं तोडला. "मशीन चांगलं म्हणले ते बरोबर," त्या म्हणाल्या, "पण ते पंचा नेसायचे. त्यांना आत कापड सोडायचा प्रश्नच नव्हता." काका गप्प झाले. 1921 साली मदुराईत गांधीजींनी पंचा घेतला, ही पुढची माहिती त्यांच्या ओठावर होती. ती तशीच परत गेली.

संतांमध्ये काकूंचा ओढा नामदेवांकडं. जांब समर्थ आमच्याच घनसावंगी तालुक्यात, रामदासांचं जन्मगाव, तिथल्या उत्सवाला काकू जातात, प्रसाद घेतात, सगळं करतात. पण नरसीचे नामदेव ते नामदेव. शिंप्याच्या घरातला माणूस, त्याला सुईचं दुःख कळतं. वारीत एकदा त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं होतं म्हणे की पांडुरंगाचे हात कमरेवर कशासाठी आहेत? बाईनं भवसागराचं सांगितलं. काकू म्हणाल्या, "असंल. मला वाटलं, नामदेवानं माप घेतलं अन् म्हणाला, हलू नको."

17 सप्टेंबर हा आमच्याकडं मुक्तिसंग्राम दिन. 1948 साली याच तारखेला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. 2023 साली याच तारखेला दिल्लीतून पीएम विश्वकर्मा योजना निघाली. अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामही होतं, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि प्रशिक्षणाच्या काळात रोजचे 500 रुपये. त्याआधीच 'मोफत शिलाई मशीन' म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या खोट्या अर्जांनी गल्लीला दमवून सोडलं होतं. सरकारलाच सांगावं लागलं होतं की अशी योजना नाही. त्यामुळे खऱ्या योजनेवर कुणाचा विश्वास बसेना. काकूंनी अर्ज भरला. प्रशिक्षणाला गेल्या. शिकवणाऱ्या पोरीनं फळ्यावर ब्लाउज काढला आणि शिवणीला अर्धा इंच सोडायचा असं लिहिलं. काकूंनी हात वर केला. दुपारच्या चहापर्यंत पोरीनं अर्ध्याचा एक केला होता. संध्याकाळी ती स्वतः उभी होती, काकू तिचं माप घेत होत्या, आणि तिचं लग्न ठरलंय का, सासर खात्यापित्याचं आहे का, ही चौकशी चालू होती.

शिवणाला ऋतू असतो, विणकामाला नाही. काकू लोकर विणतात ती भर मे महिन्यात. बाहेर पारा बेचाळिसाच्या पुढं, पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि ओसरीवर काकू मांडीत निळ्या लोकरीचा ढीग घेऊन सुलट-उलट, सुलट-उलट. नुसतं बघणाऱ्याला घाम फुटतो. विणकाम त्यांना शेजारच्या गुरुजींच्या बायकोनं शिकवलं. 1962 च्या चीन युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्यात या बाईंचेही होते. जवानाचं माप कुणाला ठाऊक? म्हणून मोठंच विणायचं. काकूंनी नेमका हाच धडा उचलला. बॉर्डरला बारा नंबरच्या सुया, अंगाला दहा नंबरच्या, आणि टाके घालताना सांगितले त्याहून वीस जास्त. भाच्याचं तान्हं टोरांटोत आहे. त्याला पाठवलेला स्वेटर तिथं पोचल्यावर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर निळी लोकर दिसत होती. "बाळ कुठंय?" काकांनी विचारलं. भाचेसून म्हणाली, "आतच आहे, मामा." काकूंनी पडद्याजवळ तोंड नेलं. "यंदा पांघरूण म्हणून वापरा," त्यांनी बजावलं, "पुढल्या साली स्वेटर होईल." तीन वर्षांनी त्या पोराचा बर्फात उभं राहिलेला फोटो आला. स्वेटर अंगाला घट्ट नव्हता, ढगळ नव्हता. बाह्यांची एकच घडी उरली होती. काकूंनी फोटो गल्लीभर फिरवला, आणि आमच्यापैकी ज्यांनी तेव्हा टिंगल केली होती त्यांना दोनदा दाखवला.

कपड्यांतून उरलेल्या चिंध्यांची वाकळ होते. उन्हाळ्यात अंगणात जुन्या साड्यांचे थर अंथरायचे, वर तुकडे मांडायचे आणि चार बायकांनी चार कोपऱ्यांतून धावदोरा घालत मधे भेटायचं. भेटेपर्यंत गावातल्या सगळ्या घरांचं अस्तर उलटून झालेलं असतं. काकूंची वाकळ खाटेच्या दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकते. "पाव्हणा आला तर?" पाहुणा एक आला तरी चालेल, त्याची बायको, दोन पोरं आणि वाटेत भेटलेला मावसभाऊ धरून सगळे मावतील एवढी ती असते.

मार्जिन फक्त कापडात ठेवून काकू थांबत असत्या तर काकांचं आयुष्य वेगळं झालं असतं. घड्याळ वीस मिनिटं पुढं. जालन्याच्या एसटीला तासभर आधी स्टँडवर. चहाला माणशी एक कप, वर एक कप कुणी न आलेल्याचा. "येते हं," म्हटल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंत दारात उभ्यानं जे बोलणं होतं, ते बैठकीतल्या बोलण्याहून मोठं. पोरीच्या लग्नात हुंडा नव्हता, पण वऱ्हाड शंभराचं म्हटल्यावर काकूंनी दीडशेचा भात टाकला आणि दोनशे माणसं आली. आचारी तेव्हापासून त्यांना नमस्कार करतो.

जावईबापू अंबडचे. लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात त्यांना धोंड्याचं जेवण झालं. पद्धतीप्रमाणे चांदीचं निरांजन, अनारसे, कपडे. कपड्यांचं माप काकूंनी जेवणाआधी घेऊ दिलं नाही. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आग्रह, पुन्हा आग्रह. जावईबापू भिंतीला टेकले तेव्हा काकू टेप घेऊन उठल्या. "आत्ता खरं माप मिळंल." मिळालं. त्यावर शेवटच्या रकान्यात चार इंच चढले. तो शर्ट जावईबापू घालतात, नाही असं नाही. फक्त अंबडहून मोटारसायकलवर येताना वारा आत शिरतो आणि गावात शिरेपर्यंत त्यांचा आकार असा होतो की काकूंना वाटतं, शर्ट अखेर भरला.

ओटीतल्या ब्लाउजपिसांशी मात्र काकूंचं वैर आहे. ऐंशी सेंटिमीटरचा तो तुकडा एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत असतो, शिवला जात नाही. काकूंनी एकदा एका पिसाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घालून ते हळदीकुंकवाला दिलं. पीस गणपतीत गेलं, नवरात्रात दुसऱ्या गल्लीत दिसलं, संक्रांतीला काकूंच्याच ओटीत परत आलं. लाल टाका शाबूत. काकूंनी ते उलगडून टेप लावला. "एवढं फिरलं," त्या म्हणाल्या, "पण एक इंच वाढलं न्हाई."

मग सून आली. तिनं छत्रपती संभाजीनगरात शिवणाचा रीतसर कोर्स केलेला, कागदाचे पॅटर्न, प्रिन्सेस कट, कटोरी, पाठीला डोरी. येताना मोटरचं मशीन घेऊन आली. ओसरीच्या एका टोकाला उषा, दुसऱ्या टोकाला मोटर. गल्लीतल्या पोरी मोटरकडं सरकल्या, कारण त्यांना हवी होती फिटिंग. काकूंच्या लेखी फिटिंग म्हणजे आजार. "श्वास कुठून घेणार?" त्या विचारायच्या. सून हसायची. दिवसा वीज गेली की मोटर थांबायची आणि उषाची खटखट चालू राहायची. काकू तेव्हा मुद्दाम सुनेकडं बघायच्या नाहीत, फक्त पॅडलचा आवाज जरा वाढायचा. सुनेनं मापं मोबाइलमध्ये घालायला घेतली. काकूंनी चष्मा लावून तो तक्ता बघितला. छाती, कंबर, मुंढा, पुढचा गळा, मागचा गळा, सगळं होतं. "ह्यात 'वाढंल' कुठं लिहायचं?" सून म्हणाली, "आई, माप म्हणजे माप. आज जेवढं आहे तेवढं." काकू काही बोलल्या नाहीत. रात्री लाल वहीत सुनेच्या नावापुढं चाराचे पाच झाले.

खटक्याचा दिवस आला तो लग्नसराईत. समोरच्या घरातल्या नवरीचा शालूवरचा ब्लाउज सुनेनं शिवला होता. चांगला दोन महिने आधी, मापाला काटेकोर. पण लग्न ठरलेली पोरगी म्हणजे गल्लीभर केळवणं. आज ह्यांच्याकडं बासुंदी, उद्या त्यांच्याकडं गुलाबजाम. हळदीच्या संध्याकाळी हुक लागेना. नवरी रडायला लागली, तिच्या आईनं डोक्याला हात लावला, आणि कुणीतरी पोरगं पाठवून काकूंना बोलावणं धाडलं. काकू अशा ऐटीत निघाल्या की रस्त्यात दोघांना थांबून त्यांनी कारण सांगितलं. गेल्या, ब्लाउज उलटा केला, दाढीचं पातं काढलं, आणि थांबल्या. कडेच्या शिवणीत दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच कापड दुमडून ठेवलेलं. नुसतं ठेवलेलं नव्हतं. दुसरी टीप कुठं मारायची त्याची कच्च्या धाग्याची खूणही आत घालून ठेवली होती. दहा मिनिटांत हुक लागले. नवरी हसली. काकू परत आल्या त्या ऐटीत नव्हत्या, विचारात होत्या.

सून ओसरीवर फॉल लावत बसली होती.

"तू आत कापड सोडलंस," काकू म्हणाल्या. आवाज तक्रारीचा होता.

"हो."

"कोर्सात तर अर्धा इंच शिकवलाय ना?"

"कोर्सात केळवणं नसतात, आई."

काकू मशीनवर बसल्या. चार टाके घातले, थांबल्या. "दीडच सोडलास," त्या म्हणाल्या. "समोरच्यांकडं बापाच्या बाजूला सगळे रुंद. दोन पाहिजे होता." एवढं सांगून झाल्यावर त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्या रात्री सुनेच्या पानात तूप आपोआप जास्त पडलं.

परवा मी शर्टाचं कापड घेऊन गेलो. माझं माप आता सून घेते. तिनं टेप लावला, आकडे मोबाइलमध्ये भरले, आणि मोबाइल काकूंपुढं धरला. तक्त्यात शेवटी एक नवा रकाना होता. काकूंनी मला उभा-आडवा न्याहाळला, माझ्या वडलांचं पोट आठवलं आणि बोटानं चार लिहिले. मी म्हटलं, काकू, मी पंचेचाळिशीचा झालो, रोज सकाळी कालव्यापर्यंत चालायला जातो, गोड सोडलंय. आता कुठं चार इंच वाढणार? काकूंनी ओसरीवरूनच रस्त्यापलीकडच्या उभ्या कापसाकडं बघितलं, बोंडं किती धरलीत त्याचा अंदाज घेतला, आणि म्हणाल्या, "भाव बरा लागू दे. मंग बोलू."